केबिन रोडवरचा सकर

भाईंदर पूर्वेला केबिन रोडवर माझं फिश टँकचं दुकान आहे. नव्या गिऱ्हाइकाची मागणी बहुधा ठरलेली: चार गोल्डफिश, मोलीच्या दोन जोड्या ‘आणि तो टाकी साफ करणारा एक द्या’. तो म्हणजे सकर. दोन-अडीच इंचांचा, काळपट, ठिपकेवाला. गोल्डफिश रंग बघून निवडतात, सकर कुणी निवडत नाही. जाळीत येईल तो पिशवीत जातो. इतकी वर्षं आपण या माशाला टाकीतलं एक सामान म्हणून विकत आणि विकत घेत आलो. त्याची किंमत आता आपली धरणं मोजताहेत, म्हणून त्याची हकिकत सांगायला हवी.

मुंबईला माशांचं वेड जुनं. 1951 साली मरीन ड्राइव्हला तारापोरवाला मत्स्यालय उघडलं आणि शाळेच्या सहलीतून घरी परतलेल्या पोरांनी टाकीचा हट्ट धरला. तेव्हाच्या टाक्या लोखंडी अँगलच्या, लांबी भरून काच बसवलेल्या; जड आणि गळक्या. पुढे सिलिकॉन आलं, नुसती काच काचेला चिकटू लागली, टाकी स्वस्त झाली. त्याच सुमारास मुंबईतली माणसं विरार लाइनला सरकत होती. भाईंदरला खारीगाव, गोडदेव, नवघरच्या आसपास इमारती उठल्या. 1985 ला इथे नगरपालिका झाली, 2002 ला महानगरपालिका. वन रूम किचनमध्ये कुत्रं पाळणं अवघड, पण दोन फुटांची टाकी टीव्हीशेजारी मावायची. मासे कोलकात्याहून, चेन्नईच्या कोळत्तूरहून यायचे. प्राणवायू भरलेल्या पिशव्या, थर्माकोलचे खोके, तिथून कुर्ल्याचा होलसेल बाजार आणि मग आमच्यासारखी दुकानं. सकरही त्याच वाटेने आला.

त्याचं मूळ घर दक्षिण अमेरिका. डचांच्या ताब्यातल्या ब्राझीलमध्ये काम केलेल्या गेओर्ग मार्कग्राफचा ग्रंथ 1648 साली छापला गेला, त्यात सकरच्या कुळातल्या माशाचं वर्णन आहे. 1758 मध्ये लिनिअसने त्याच्या अंगावरची हाडांची तबकं पाहिली आणि त्याला चक्क स्टर्जनच्या पंगतीत बसवलं. खरं तर हा आपल्या शिंगाळ्याच्या, मागुराच्या गोतातला. लोरिकारिडी कुळात आज हजाराहून जास्त जाती आहेत; मार्जारमीनांतलं हे सर्वांत मोठं कुळ. 1980च्या दशकात ब्राझीलहून इतके अनोळखी सकर युरोपात येऊ लागले की नावं ठेवायला शास्त्रज्ञ पुरेनात. अखेर 1988 साली ‘डाट्झ’ या जर्मन मासिकाने त्यांना ‘एल’ अक्षरामागे आकडा लावून नंबर द्यायला सुरुवात केली. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा झेब्रा एल-46 होता. 1991 मध्ये त्याला शास्त्रीय नाव मिळालं. काही जाती पाण्यात पडलेली लाकडं खरवडतात, काहींच्या नरांच्या थोबाडावर मिशांसारखे मांसल धागे फुटतात.

सकर काचेला चिकटला की बाहेरून त्याचं तोंड नीट बघा. ओठांची गोल वाटी, आत बारीक दातांच्या दोन रांगा, सतत खरवडत असलेल्या. तोंड असं अडकलेलं असतानाही कल्ल्यांतून श्वास चालू असतो. पाणी बिघडलं तर तो वर येऊन हवा गिळतो आणि जठरातून प्राणवायू घेतो. डोळ्याच्या बाहुलीवर एक पाकळी लोंबते. उजेड वाढला की ती पसरते, रात्री आक्रसते. त्याला जाळीने पकडलं की तो पंखांचे काटे ताठ करतो आणि जाळीत असा रुततो की कात्रीने धागे कापावे लागतात. म्हणून मोठा सकर आम्ही ओल्या हातांनीच उचलतो.

बाजारात सर्वांत जास्त खपतो तो टेरिगोप्लिक्थिस. दोन इंचांचं हे पिल्लू दीड फुटापर्यंत वाढतं आणि दहा वर्षांहून जास्त जगू शकतं. शेवाळ खातं, पण विष्ठाही तितकीच टाकतं. मोठा झाला की टाकी घाण करणारा तोच. मग घरात चर्चा होते. मारायचा कसा, पाप लागेल. तलावात सोडू, बिचारा जगेल. दयेपोटीच तो पाण्यात जातो.

आणि तो जगतो. तिरुवनंतपुरमच्या कालव्यात, कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळीत, मुंबईच्या पवई तलावात तो सापडला आहे. उजनी धरणातल्या मच्छीमारांच्या जाळ्यातही तो येतो. माझी हातभर जाळी कापली तर मी दुसरी घेतो. त्यांचं जाळं हेच त्यांचं भांडवल, आणि त्यात अडकलेल्या सकरला बाजारात गिऱ्हाईक नाही. नर काठाच्या मातीत खोल बिळं करून अंडी राखतो, त्यामुळे काठ ढासळतात. मेक्सिकोच्या इन्फिएर्निलो धरणात चिलापीची मोठी मासेमारी होती. सकर माजला आणि तिथल्या मच्छीमारांचा धंदा बसला. उजनीतही चिलापीवर अनेक घरं चालतात, म्हणून ही गोष्ट तिथे पोचायला हवी.

याच कुळाची दुसरी बाजूही मला छळते. झेब्रा सकर जगात फक्त ब्राझीलमधल्या झिंगू नदीच्या खडकाळ, वाहत्या पाण्यात राहतो, आणि बेलो मोंते धरणाने त्या नदीची धार बदलली आहे. एक जात धरणाने धोक्यात आली, दुसरी धरणात फोफावली. मासा वाईट नसतो. त्याला कुठे नेऊन टाकलं, यावर सगळं ठरतं.

थाई मागूर या दुसऱ्या परक्या माशावर केंद्र सरकारने 2000 साली बंदी घातली. 2022 च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यात परक्या आक्रमक जातींची आयात, विक्री, पैदास रोखण्याचा अधिकार सरकारला मिळाला आहे. तो सकरसाठी वापरायलाच हवा. तोवर काम आम्हा दुकानदारांचं. मी सकर विकण्याआधी त्याची पूर्ण वाढ फूटपट्टीवर दाखवतो. ते बघून निम्मे लोक त्याला नेत नाहीत आणि काच घासायचा ब्रश घेऊन जातात. नेला आणि नकोसा झाला, तर पैसे न मागता परत घेतो. सोडू नका, परत आणा, एवढं प्रत्येक पिशवी बांधताना सांगायला वेळ लागत नाही. हे ज्याला जमत नसेल, त्याने हा मासा दुकानात ठेवू नये.