तळटीप १४ : टोळधाड

१४. टोळधाड : येथे अभिप्रेत आहे ती मे २०२० ची, वाळवंटी टोळांची. लेखक जिथले वर्णन करतो ते हुडकेश्वर नागपूरच्या आग्नेय कडेला आहे. धाड अमरावतीच्या मोर्शी-वरुडकडून आष्टी, काटोल, पारशिवनी करत भंडाऱ्याकडे गेली, म्हणजे शहराच्या उत्तर बाजूने. म्हणून लेखकाला येथे प्रत्यक्ष टोळांपेक्षा त्यांची धास्ती दिसते. हिरव्या पिकाच्या ओढीने टोळ येतात, ही समजूत अर्धीच खरी आहे. मे महिन्यात विदर्भातली बहुतेक शेते नांगरून मोकळी असतात; हिरवी असतात ती ओलिताची, मुख्यतः संत्र्याची. थवा कुठे उतरेल हे हिरवळ ठरवते, पण कोणत्या दिशेने जाईल हे वारा. ऊन तापल्यावर टोळ उठतात, वाऱ्याबरोबर दिवसाला दीडशे किलोमीटरपर्यंत जातात आणि सांजावताच झाडांवर बसतात. एरवी ते जुलैच्या सुमारास राजस्थानात येतात व पावसाळी हिरवळीत तिथेच अंडी घालतात. त्या वर्षी ते पावसाआधीच आले, कोरड्या रानात चारा मिळेना आणि पश्चिमेच्या जोरदार वाऱ्याने त्यांना पूर्वेला लोटले. त्यांची संख्या वाढण्याचे मूळही हवामानातच आहे : २०१८ मध्ये मेकुनु आणि लुबान या चक्रीवादळांनी अरबस्तानच्या वाळवंटात पाऊस पाडला आणि ओल्या वाळूत पिढ्यांमागून पिढ्या वाढल्या. पुढे लेखकाने वर्णिलेली रात्रीची फवारणी टोळांच्या सांजावताच झाडांवर बसण्याच्या सवयीमुळे : अंधारात थवा हलत नाही.