मेंदूला दाखविलेला आरसा

वर्गात एखादा मुलगा असा असतो की, त्याला एका जागी बसवत नाही. पाढा म्हणता म्हणता त्याचे लक्ष खिडकीबाहेर जाते. गुरुजी रागावतात, आई नवस बोलते. अशा मुलाच्या मेंदूलाच शिकवणी देता येते, असे अलीकडे शहरांतून सांगितले जाते. तिला 'न्यूरोफीडबॅक' म्हणतात. ही शिकवणी आली कुठून आणि तिच्यात तथ्य किती, हे जाणायचे तर थोडे मागे गेले पाहिजे.

मेंदूत वीज खेळते, हे १८७५ साली लिव्हरपूलच्या रिचर्ड कॅटन ह्यांनी सशांच्या व माकडांच्या मेंदूवर दाखविले. माणसाच्या मेंदूतील वीज १९२४ साली टिपली ती जर्मनीतील येना येथील हान्स बर्गर ह्यांनी. तरुणपणी लष्करात असताना ते घोड्यावरून पडले आणि तोफगाडीखाली जाता जाता वाचले. त्याच दिवशी, दूर घरी असलेल्या बहिणीच्या आग्रहावरून, वडिलांची खुशाली विचारणारी तार आली! एका मनाचे दुसऱ्याला कळते कसे, हा ध्यास बर्गरना लागला. त्याचे उत्तर काही मिळाले नाही. मिळाल्या त्या मेंदूच्या लहरी. डोळे मिटून स्वस्थ बसले की, सेकंदाला सुमारे दहा हेलकावे घेणारी 'अल्फा' लहर उठते. डोळे उघडताच ती ओसरते. आपले हे संशोधन त्यांनी १९२९ सालापासून प्रसिद्ध केले.

आता पुढचा प्रश्न. ही लहर माणसाला आपणहून आणता येईल काय? १९५८च्या सुमारास शिकागो येथे जो कामिया ह्यांनी तो हाती घेतला. घंटा वाजली की, 'आता अल्फा आहे की नाही' हे बसणाऱ्याने सांगायचे आणि बरोबर की चूक ते त्याला लगेच कळायचे. सरावाने माणसे ते ओळखू लागली. पुढे ती लहर आणूही लागली.

कॅलिफोर्नियात बॅरी स्टर्मन ह्यांनी तर मांजरांची शाळा भरविली! मांजर सावध पण निश्चल बसले की, सेकंदाला १२ ते १५ हेलकाव्यांची लहर उठते. ती उठली रे उठली की, भुकेल्या मांजराला दुधाचा घोट. मांजरे शिकली. पुढे अग्निबाणाच्या इंधनाने येणारे झटके तपासताना असे दिसले की, शिकलेल्या मांजरांना ते उशिरा येतात. १९७२ साली स्टर्मन ह्यांनी अपस्माराच्या एका रुग्ण स्त्रीचे झटके ह्या शिकवणीने कमी झाल्याचे नोंदविले. पुढे १९७६ साली जोएल लुबार ह्यांनी हीच रीत चंचल मुलासाठी वापरून पाहिली.

शिकवणी प्रत्यक्षात चालते कशी? डोक्यावर चकत्या लावून काही मिनिटे लहरी टिपतात. त्या वयाच्या इतर मुलांच्या लहरींशी ताडून पाहतात. कोणती लहर वाढवायची, कोणती दाबायची आणि चकती कुठे लावायची, हे ज्याचे त्याचे ठरते. मग मुलगा पडद्यापुढे बसतो. हवी ती लहर आली की चित्र हलते, गेली की थांबते. जमू लागले की, चांगला तालीमबाज जसा पठ्ठ्याच्या जोर-बैठका वाढवीत नेतो, तशी अट थोडी कडक करतात. अशा वीस ते चाळीस बैठका होतात.

पण मांजराला आशा नसते, माणसाला असते. आशेनेही गुण येतो! म्हणून कसोटी अशी घ्यावी लागते की, काही मुलांना खरी शिकवणी द्यायची, काहींना हुबेहूब तशीच दिसणारी लटकी, आणि कुणाला कोणती हे मुलांना व आईबापांना कळू द्यायचे नाही. अमेरिकेत १४४ मुलांवर घेतलेली अशी कसोटी २०२१ साली प्रसिद्ध झाली. दोन्ही गटांतील मुले सुधारली, आणि जवळजवळ सारखीच! म्हणजे गुण लहरींच्या शिकवणीचाच, असे म्हणता येईना.

तेव्हा, मंडळी, ह्या शिकवणीसाठी कुणी कर्ज काढायला सांगू लागला, तर 'लटक्या शिकवणीशी ताडून पाहिलेत का?' एवढे जरूर विचारा. अपस्माराचे औषध तर डॉक्टरांना विचारल्यावाचून कधीच थांबवू नका. आणि गुरुजनहो, एक ध्यानात घ्या. त्या दोन्ही गटांतील मुलांना नेमाने वेळ मिळाला, त्यांच्याकडे पाहणारे माणूस मिळाले, जमले की तत्काळ शाबासकी मिळाली. एवढे द्यायला आपल्या शाळेत यंत्र लागत नाही.