ताजमहाल हॉटेलातले भूत

सुट्टीत मुंबई पाहून आलेला आमच्या भवानी पेठेतला माणूस एक गोष्ट हटकून सांगतो. गेटवेसमोरचे ताजमहाल हॉटेल म्हणे उलटे बांधले गेले. नकाशा काढणारा साहेब विलायतेला गेला होता. परत येऊन पाहतो तर पुढची बाजू मागे आणि मागची पुढे! त्याने वरून उडी टाकली आणि अजून तो रात्री-बेरात्री तिथल्या व्हरांड्यांतून फिरतो. ताजमध्ये एक रात्र काढणे आपल्या खिशाला झेपत नाही, पण भूत फुकट मिळते, ते आपण सोलापूरपर्यंत घेऊन येतो.

भुते आपल्याला नवी नाहीत. पिंपळावरचा मुंजा, विहिरीपाशी हडळ, वाट चुकवणारा चकवा. पण पैसे मोजून भुताच्या शेजारी झोपायचे, ही हौस साहेबाची. मसुरीच्या सॅव्हॉय हॉटेलात १९११ साली गार्नेट-ऑर्म नावाची बाई विषाने मेली. ते प्रकरण खरे घडले आणि भुताची ख्याती त्यावर उभी राहिली. ताजचे तसे नाही. तिथे उडी मारणारा साहेबच सापडत नाही.

ताजचे आराखडे केले ते सीताराम खंडेराव वैद्य या मराठी माणसाने आणि डी. एन. मिर्झा यांनी. काम चालू असतानाच, १९०० साली, वैद्य वारले. पुढचे काम डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रजाने पुरे केले आणि १६ डिसेंबर १९०३ रोजी हॉटेल उघडले. ज्याने स्वतः उभे राहून शेवटचे काम करून घेतले, तो इमारत पाहून दचकेल कसा?

आणि इमारत उलटी तरी कुठे आहे? आज जिथे पोहण्याचा तलाव आहे, त्या शहराकडच्या अंगाला मूळ दरवाजा होता. घोडागाड्या तिकडून येत. समुद्र आणि त्याचा वारा खोल्यांसाठी राखला होता. गेटवे तेव्हा नव्हताच. तो १९२४ साली खुला झाला. मग पाहणाऱ्यांची गर्दी समुद्राच्या बाजूला जमू लागली. तिथे उभे राहिलेल्याला वाटणारच, की दरवाजा भलतीकडे गेला.

गंमत अशी, की ग्लासगोच्या केल्विनग्रोव्ह वस्तुसंग्रहालयाविषयीही हीच गोष्ट सांगतात. तेही १९०१ सालचे, तेही म्हणे उलटे, आणि तिथल्या शिल्पकारानेही म्हणे मनोऱ्यावरून उडी घेतली! तीही खोटीच.

भुताने कुणाचे वाईट केले नाही, असे म्हणाल. वैद्यांचे केले. गोष्टीत साहेब राहिला, त्याची चूक राहिली, त्याचा पश्चात्तापही राहिला. ज्याने आराखडा केला त्याचे नाव मात्र गाईडच्या तोंडी येत नाही. हे मला भुतापेक्षा जास्त खुपते.

रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघालेला सोलापूरकर सकाळी बोरीबंदरला उतरतो. ते स्थानक फ्रेडरिक स्टीव्हन्सचे, हे पुष्कळांना ठाऊक असते. त्या कामावर स्टीव्हन्सच्या हाताशी जे एतद्देशीय इंजिनिअर होते, त्यांतले एक रावसाहेब सीताराम खंडेराव, म्हणजे आपले हेच वैद्य.