रुळांच्या कडेचें पिवळें फूल

भाद्रपदांत महाबळेश्वराच्या किंवा सिंहगडाच्या वाटेनें जाणाऱ्यास सोनकीची ओळख करून द्यावी लागत नाहीं. पाऊस ओसरूं लागला कीं डोंगरउतार तिच्या पिवळ्या फुलांनीं झांकून जातात. जुन्या वनस्पतिग्रंथांत तिला सेनेसिओ ग्रॅहॅमाय म्हणत. नव्या ग्रंथांत सेनेसिओ बॉम्बेयेन्सिस म्हणतात. तिचें गोत मोठें आहे. झेंडू, शेवंती आणि सूर्यफूल यांच्याच कुळांतील सेनेसिओ ही प्रजाति जगभर पसरली असून तिच्यांत हजाराहून अधिक जाती मोडतात. बहुतेक साऱ्या पिवळ्या, आणि बहुतेक साऱ्या पहिल्या दृष्टिक्षेपांत सारख्या! त्यांतील दोन जातींची व त्यांच्या संततीची जी हकीकत इंग्लंडांत घडली, तिच्यावरून हा सारखेपणा किती फसवा असतो हें कळून येतें.

पहिलें झाड ग्राउंडसेल. शेत, बाग, फरसबंदीची फट, कोठेंही उगवणारें हें तण. शास्त्रीय नांव सेनेसिओ वल्गॅरिस, म्हणजे सामान्य. या कुळांत ज्यास लोक एक फूल समजतात तो वस्तुतः बारीक फुलांचा गुच्छ असतो: मध्यें नळीसारख्या फुलांचें बिंब, आणि भोंवतीं पाकळ्यांसारख्या फुलांचे किरण. ग्राउंडसेलास हे किरण सहसा नसतातच. हिरव्या डबींतून पिवळा कुंचला किंचित् बाहेर यावा, एवढेंच त्याचें रूप. बाहेरच्या छदांचीं टोकें मात्र काळीं असतात. तेवढी खूण ध्यानांत ठेवावी.

दुसरें झाड पाहुणें. सिसिलींतील एटना या ज्वालामुखीच्या माथ्याकडे एक सेनेसिओ वाढतो, त्याचीं पानें अखंड व गुळगुळीत. पायथ्याकडे दुसरा वाढतो, त्याचीं पानें बारीक कातरलेलीं. मधल्या उतारावर दोघांचा संकर होतो. त्या संकराचें बीं 1700 च्या सुमारास ब्यूफर्टच्या डचेसच्या बागेंत आलें, आणि तेथून धाकट्या जेकब बोबार्टच्या देखरेखीखालील ऑक्सफर्डच्या वनस्पतिउद्यानांत पोंचलें. 1753 सालीं लिनेअसनें त्यास सेनेसिओ स्क्वॅलिडस हें नांव दिलें. स्क्वॅलिडस म्हणजे मळकट. तेरा-एक लखलखीत पिवळे किरण मिरविणाऱ्या फुलास हें नांव कां सुचावें, याचें नवल वाटतें. तें असो. इंग्रज लोक त्यास ऑक्सफर्डचें रॅगवर्ट म्हणतात.

अठराव्या शतकाच्या अखेरीस हें झाड बागेबाहेर पडून ऑक्सफर्डच्या जुन्या भिंतींवर दिसूं लागलें. शहराबाहेर जाण्यास मात्र त्यास वाहन हवें होतें. तें 1844 सालीं मिळालें. त्या वर्षीं रेल्वे ऑक्सफर्डास आली. रुळांखालची खडी आणि जळलेल्या कोळशाची राख हीं एटनाच्या लाव्ह्यास जवळचीं. पाहुण्यास जणूं माहेरच भेटलें. गाडी धडधडत गेली कीं तिच्यामागें उठणाऱ्या वाऱ्यांत म्हाताऱ्या उडत आणि पुढच्या गांवीं उतरत. जॉर्ज क्लॅरिज ड्रूस या वनस्पतिज्ञानें तर अशी एक म्हातारी ऑक्सफर्डजवळ आपल्या डब्यांत शिरलेली आणि टाइलहर्स्ट येथें खिडकींतून बाहेर पडलेली पाहिली होती. प्रवासी तिकिटाविना गेला, एवढाच काय तो गुन्हा! पुढें दुसऱ्या महायुद्धांत बाँबनीं उद्ध्वस्त झालेल्या लंडनच्या ढिगाऱ्यांवरही हेंच फूल फुललें.

जेथें जेथें पाहुणा गेला तेथें तेथें घरचें ग्राउंडसेल उभें होतेंच. दोघांचा संबंध येणें क्रमप्राप्त होतें. परंतु सोयरीक विजोड होती. ग्राउंडसेलच्या पेशींत गुणसूत्रें 40, रॅगवर्टच्या पेशींत 20. संकराच्या वांट्यास 30 येतात, त्यांच्या जोड्या नीट जुळत नाहींत, आणि झाड वांझ राहतें. मात्र क्वचित् कधीं गुणसूत्रांची संख्या दुप्पट होते. मग 60 गुणसूत्रांचें झाड फळतें, आणि दोन्ही आईबापांशीं फटकून आपला वंश चालवितें. असें झाड 1948 सालीं वेल्सच्या ईशान्येस फ्लिंटशायरमधील फ्रिथ येथें सांपडलें. एफी रॉसर या विदुषीनें 1955 सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध करून त्यास सेनेसिओ कॅम्ब्रेन्सिस, वेल्सचें ग्राउंडसेल, असें नांव दिलें. शेंदीडशें वर्षांच्या आंत, माणसांच्या डोळ्यांदेखत, एक नवी जाति जन्मास आली होती.

खरी अडचण यापुढें आहे. वेल्सचें ग्राउंडसेल दिसतें कसें? ग्राउंडसेलसारखेंच, पण थोडे आंखूड किरण असलेलें. आणि आंखूड किरणांचें साधें ग्राउंडसेलही असतें! त्यानें रॅगवर्टकडून किरणांचा गुण तेवढा उचललेला असतो; बाकी तें मूळचें, गुणसूत्रें 40, आणि जाति जुनीच. वाटेवर शेजारीं शेजारीं उभीं असलीं तर जाणत्याचीही दिशाभूल होते. तेव्हां सूक्ष्मदर्शकाचा आश्रय करावा लागतो. वेल्सच्या झाडाचे परागकण मोठे, आणि त्यांतील बहुतेकांस चार छिद्रें. साध्याच्या परागास तीन. डोळ्यांनीं जें एक वाटतें तें परागाच्या कणांत दोन ठरतें.

1979 सालीं रिचर्ड ॲबट यांना यॉर्कच्या रेल्वे-स्टेशनाजवळ मोटारी उभ्या करण्याच्या जागेंत आणखी एक झाड दिसलें. त्याचें रूप दोन्ही जनकांच्या मधलें. आणि गुणसूत्रें मोजावीं तर 40 च. येथें मोजणी कुचकामी ठरली. निकाल वर्तनावरून लावावा लागला: हें झाड स्वतःच्याच परागानें फळत होतें आणि शेजारच्या ग्राउंडसेलशीं क्वचितच मिसळत होतें. रूपापेक्षां हीच कसोटी अधिक विश्वसनीय मानली पाहिजे. कारण रूप वाटेल तो उसनें घेतो. वंश निराळा राखणें ही गोष्ट वेगळी. 2003 सालीं त्यास सेनेसिओ इबोरासेन्सिस हें नांव मिळालें. इबोराकम हें यॉर्कचें रोमन काळांतील नांव.

परंतु नामकरणाचा मुहूर्त फार उशिरा लागला होता. हें झाड केवळ यॉर्क शहरांतच होतें, आणि तेंही रस्त्यांच्या कडांना व पडीक जागांत, म्हणजे नेमकें जेथें तणनाशक फवारतात तेथें. फवारणाऱ्यास तें ग्राउंडसेलच दिसलें; त्यास दोष तरी कसा द्यावा? वनस्पतिज्ञांसही चोवीस वर्षें लागलीं होतीं. नांव छापून आलें तेव्हां यॉर्कच्या रस्त्यांवर तें झाड उरलें नव्हतें.

सुदैवानें थोडें बीं आधींच जपून ठेवलेलें होतें. तें क्यूच्या उद्यानाच्या सहस्रक बीजपेढींत, ससेक्समधील वेकहर्स्ट येथें, शीतगृहांत पडून राहिलें. पुढें त्यांतील कांहीं पेरलें, तेव्हां बहुतेक उगवलें. त्या रोपांपासून नवें बीं धरलें, आणि 2023 सालीं यॉर्कच्या स्टेशनाच्या आसपास, जेथें त्याचा जन्म झाला होता त्याच भागांत, तें पुन्हां फुललें. गाडींतून उतरणाऱ्यांपैकीं बहुतेकांना तें अजूनही ग्राउंडसेलच वाटत असेल.