कॉलरा प्यायलेली माणसं

मंडळी, या शनिवारचा विषय पोटातला आहे. जेवता जेवता वाचत असाल तर आधी जेवण उरकून घ्या.

एकाच माठातलं पाणी घरातले पाच जण पितात. दोघांना जुलाब लागतात, तिघं ठणठणीत राहतात. असं का? आपलं ठरलेलं उत्तर म्हणजे, "त्याची प्रतिकारशक्ती चांगली आहे." ठीक आहे, पण ही प्रतिकारशक्ती पोटात नेमकी असते कुठे? हा प्रश्न सव्वाशे वर्षांहून जुना आहे, आणि त्याच्या उत्तराचा रस्ता म्युनिक, पॅरिस, कोलकाता, मुंबई असा फिरत आपल्या पंढरपुरावरूनही जातो.

मी सोलापूरच्या नवी पेठेत राहतो. इथून पंढरपूर सत्तरेक किलोमीटर. आमच्या भागातली जुनी माणसं कॉलऱ्याला पटकी म्हणायची. पटकी आली की मरीआई कोपली असं समजायचे, मग तिचा गाडा वाजतगाजत गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडायचे. (पुढच्या गावाने तो त्याच्या पुढच्या गावाला ढकलायचा, तो भाग वेगळा!) इंग्रजांच्या काळातल्या आरोग्य अहवालांत तर पुरी, हरिद्वार यांच्या जोडीला पंढरपूरचं नाव सारखं येतं. लाखो माणसं एका नदीकाठी जमणार, तेच पाणी पिणार आणि मग गावोगावी परतणार. रोगाला आणखी काय हवं?

१८८४ साली रॉबर्ट कॉखने कोलकात्याच्या रुग्णांमध्ये आणि तिथल्या एका तळ्याच्या पाण्यात कॉलऱ्याचा स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू दाखवला. प्रश्न संपला असं वाटलं, पण म्युनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफरला ते पटेना. त्याचं म्हणणं, नुसत्या जंतूने काही होत नाही, जमीन आणि हवाही तशी लागते. ७ ऑक्टोबर १८९२ रोजी, वयाच्या ७३ व्या वर्षी, या माणसाने कॉलऱ्याचे जिवंत जंतू असलेलं द्रावण चक्क पिऊन टाकलं. जठरातल्या आम्लाने जंतू मेले असं कुणी म्हणू नये म्हणून सोबत सोडासुद्धा घेतला. झालं काय, तर थोडे जुलाब. दहा दिवसांनी त्याचा शिष्य एमरिश तेच प्यायला, तो मात्र चांगलाच आजारी पडला.

त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ईल्या मेचनिकॉफनेही हाच उद्योग केला. पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात हे शोधणारा हा माणूस (त्यासाठी १९०८ चं नोबेल त्याला पॉल एर्लिखबरोबर विभागून मिळालं). तो कॉलरा प्यायला, काही झालं नाही. एक सहकारी प्यायला, त्यालाही काही झालं नाही. दुसरा प्यायला आणि मरता मरता वाचला! आता बोला. जंतू तोच, मग फरक कशाने पडला?

मेचनिकॉफने मग काचेच्या बशीत कॉलऱ्याचे जंतू इतर जंतूंच्या शेजारी वाढवून बघितले. काही शेजाऱ्यांच्या संगतीत कॉलरा जोमाने वाढला, काहींच्या संगतीत दबून गेला. १८९४ च्या सुमारास त्याने मत मांडलं की आतड्यात आधीपासून राहणारे जंतू कोणते, यावर माणूस आजारी पडणार की नाही हे बऱ्याच अंशी ठरत असावं. ही गोष्ट लक्षात ठेवा. कारण पुढची साठेक वर्षं कॉलऱ्याच्या बाबतीत या धाग्याकडे जवळजवळ कुणी बघितलंच नाही.

का नाही बघितलं? कारण दुसरा धागा जास्त जोरात पळाला, आणि तो पळवणाराही मेचनिकॉफचाच ओडेसातला विद्यार्थी होता, वाल्देमार हाफकिन. होय, मुंबईत परळला ज्याच्या नावाची संस्था आहे तोच. १८ जुलै १८९२ ला त्याने आपली कॉलऱ्याची लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि १८९३ च्या मार्चमध्ये तो कोलकात्यात उतरला. १८९४ साली तिथल्या काटाल बागान वस्तीत सुमारे दोनशे रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. नंतर तिथे कॉलऱ्याचे दहा रुग्ण निघाले, सात दगावले, आणि ते दहाही जण लस न घेतलेले होते. पुढे १८९६ मध्ये प्लेग आला म्हणून तो मुंबईला आला आणि १८९९ मध्ये त्याची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये गेली. १९२५ पासून तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव आहे.

ही टोचणी पुढे वारकऱ्यांपर्यंत आली. पंढरीच्या यात्रेआधी कॉलऱ्याची सुई टोचून घेण्याच्या मोहिमा निघायच्या. पण सुईची एक मर्यादा होती. संरक्षण अर्धवट मिळायचं आणि काही महिन्यांत ओसरायचं. शेवटी १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी कॉलरा लशीच्या दाखल्याची अट काढून टाकली.

सुई कमी का पडली, याचं उत्तर कोलकात्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांच्या कामापासून उलगडायला लागतं. १९५९ साली त्यांनी सशाच्या आतड्यावर प्रयोग करून दाखवलं की कॉलऱ्याचा जंतू एक विष सोडतो आणि त्या विषामुळे आतड्यातून पाणी वाहायला लागतं. जंतू स्वतः रक्तात शिरतच नाही! तो आतड्याच्या आतल्या पृष्ठभागावर बसून काम करतो. दंडात टोचलेल्या लशीने प्रतिपिंडं तयार होतात ती मुख्यतः रक्तात. चोर अंगणात आणि पहारेकरी माजघरात, असा प्रकार.

अंगणासाठी शरीराची वेगळी व्यवस्था आहे. आतड्याच्या भिंतीत प्रतिकार पेशींच्या छोट्या छोट्या चौक्या असतात. तिथे आतड्यातला माल तपासला जातो आणि आयजीए नावाची प्रतिपिंडं तयार होऊन आतड्याच्या बुळबुळीत थरात सोडली जातात. ती जंतूला चिकटतात, त्याला भिंतीपर्यंत पोचू देत नाहीत. या चौक्यांना कामाला लावायचं तर लस तोंडावाटेच द्यायला हवी. कोलकात्याच्या वस्त्यांमध्ये २००६ साली तोंडावाटे द्यायच्या लशीची मोठी चाचणी सुरू झाली. दोन डोसांनी पाच वर्षांच्या काळात सुमारे ६५ टक्के संरक्षण दिलं. सुईला जे जमलं नव्हतं ते घोटभर औषधाला जमलं.

हा झाला एक पहारेकरी. आता मेचनिकॉफच्या धाग्याकडे येऊ.

१९५४ साली शिकागोत काही शास्त्रज्ञांनी उंदरांना साल्मोनेला जंतू पाजले. निम्मे उंदीर बाधित व्हायला साधारण एक लाख जंतू लागत होते. मग त्यांनी उंदरांना आधी स्ट्रेप्टोमायसिन या अँटिबायोटिकचा एकच डोस दिला. आता किती जंतू पुरले? दहापेक्षाही कमी! १९५५ मध्ये रॉल्फ फ्रेटरने गिनिपिगवर कॉलऱ्याच्या बाबतीत तेच दाखवलं. एरवी तोंडावाटे कॉलऱ्याला दाद न देणारे हे प्राणी, आतड्यातले नेहमीचे जंतू औषधाने दाबल्यावर मरायला लागले.

म्हणजे आपल्या पोटात वस्ती करून असलेले हे जंतू (अंदाजे अडतीस लाख कोटी, वजन पाव किलोच्या आत) फुकटचे भाडेकरू नाहीत. ते जागा आणि अन्न अडवून ठेवतात, परक्या जंतूंना मारक ठरणारी रसायनं सोडतात. आपण न पचवलेला कोंडा, तंतू आंबवून ते जी आम्लं बनवतात, त्यांवर मोठ्या आतड्याच्या पेशी पोसल्या जातात. आणि सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे, पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांमध्ये त्या प्रतिकार चौक्याच नीट वाढत नाहीत, आयजीए अगदी कमी असतं. म्हणजे पहिल्या पहारेकऱ्याला शिकवून तयार करतो तो हा दुसरा पहारेकरी.

कॉलऱ्यापुरतं बोलायचं तर २०१४ साली ढाक्याच्या रुग्णांच्या अभ्यासातून ब्लाउटिया ओबियम नावाचा एक जंतू पुढे आला (तेव्हा त्याचं नाव रुमिनोकॉकस ओबियम होतं). जंतू एकमेकांना रासायनिक संदेश पाठवतात, आपल्या नेटवर्कमधल्या ब्रॉडकास्टसारखे. याच्या संदेशामुळे कॉलऱ्याचा जंतू आतड्यात ठाण मांडायची आपली यंत्रणा आवरती घेतो. २०२० मध्ये आणखी एक दुवा मिळाला. वेगवेगळ्या माणसांचे आतड्यातले जंतू उंदरांमध्ये सोडले, तर काही उंदरांत कॉलरा फोफावला, काहींत रुजेना. ज्यांच्यात रुजला नाही त्यांच्यातले जंतू पित्तातला एक क्षार मोडून टाकत होते, आणि नेमका तोच क्षार कॉलऱ्याला "चला, कामाला लागा" अशी खूण करतो. एक प्यायला आणि वाचला, दुसरा प्यायला आणि मरायला टेकला, यामागे शेजारी जंतू असावेत हा मेचनिकॉफचा अंदाज सव्वाशे वर्षांनी असा खरा ठरला. अर्थात जठरातलं आम्ल, किती जंतू पोटात गेले, आधी कधी लागण झाली होती का, यानेही फरक पडतोच.

मग आज याचं आपल्याला काय? पावसाळ्यात जुलाब लागले की आपल्याकडे डॉक्टरला न विचारता औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिकच्या चार गोळ्या आणून घ्यायची सवय आहे. लहान पोरांनासुद्धा देतात. बरेचसे जुलाब, विशेषतः लहान मुलांचे, विषाणूंमुळे होतात. तिथे या गोळ्यांचा काडीचा उपयोग नाही, मरतात ते आपले पहारेकरी. एक बिघडलेली प्रोसेस बंद करायला अख्खा सर्व्हर फॉरमॅट करावा तसं. रक्त पडत असेल, खूप ताप असेल, जोराचा कॉलरा असेल, तर अँटिबायोटिक लागू शकतं. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं.

जीव वाचवतं ते साखर-मिठाचं पाणी. १९७१ च्या बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडे सलाइन संपत आलं होतं. त्यांनी ओआरएसची पाकिटं भरून नातेवाइकांच्या हातात दिली आणि मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते ३.६ टक्क्यांवर आलं. ते पाकीट सगळ्या औषधाच्या दुकानांत मिळतं, गोळ्यांच्याच शेजारी.

"मग रोज ताक पिऊ का?" असं विचाराल तर जरूर प्या, उन्हाळ्यात त्यासारखं दुसरं काही नाही. पण ताकातले जंतू बहुतेक करून पाहुणे असतात, आतड्यात कायम मुक्काम करत नाहीत. मेचनिकॉफने म्हातारपणी दह्याचा फार गाजावाजा केला होता, तो एवढा टिकला नाही. त्यापेक्षा मंगळवेढ्याच्या मालदांडीची भाकरी, डाळी, पालेभाज्या हे घरच्या जंतूंचं रोजचं जेवण आहे, ते त्यांना मिळू द्या.

आणि पहारेकरी कितीही चांगले असले तरी चोरांची फौज आली तर ते हरतात, त्यामुळे नळाच्या पाण्याची काळजी आधी घ्यायची. या पावसाळ्यात पाणी गढूळ आलं तर उकळून प्या, ओआरएसची दोन पाकिटं घरात आणून ठेवा, आणि घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या अर्ध्या पट्ट्या असतील तर त्या पोरांना देऊ नका.