गृहखाते, लग्न आणि समर्थकांची साक्ष

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्याने देशाला दिलेल्या राजकीय नेतृत्वात देवराष्ट्रे या गावी १२ मार्च १९१३ रोजी जन्मलेल्या यशवंतराव चव्हाणांचे नाव पहिले घेतले जाते, आणि समलिंगी व्यक्तींच्या हक्कांबाबत राजकारण्यांचा भरवसा किती धरावा या प्रश्नाचा इतिहास तपासू लागल्यावर हेच नाव एका अनपेक्षित वाटेने समोर येते. ती वाट केंद्रीय गृहखात्याची आहे. इंग्रजी राजवटीत १८६० साली संमत झालेल्या आणि १८६२ पासून अमलात आलेल्या भारतीय दंड संहितेतील कलम ३७७ हे ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ ठरवलेल्या शरीरसंबंधाला, तो दोन सज्ञान व्यक्तींच्या संमतीने घडलेला असला तरी, जन्मठेपेपर्यंतची शिक्षा सांगत असे. आणि फौजदारी कायद्याची जबाबदारी गृहखात्याची असल्याने या कलमाचे राखणदारही तेच खाते होते. चव्हाण १९६६ ते १९७० या काळात गृहमंत्री होते. त्यांच्यानंतर शंकरराव चव्हाण, शिवराज पाटील आणि सुशीलकुमार शिंदे या महाराष्ट्राच्या नेत्यांकडे ते खाते कमीअधिक काळ राहिले, आणि या कलमाच्या इतिहासातील कितीतरी वळणे नेमकी त्यांच्या कारकिर्दींत पडली.

ज्या ब्रिटिश संसदेच्या छायेत हा कायदा भारतात आला, तिने १९६७ मध्ये इंग्लंड व वेल्समध्ये एकवीस वर्षांवरील पुरुषांमधील खासगी, संमतीचे संबंध गुन्ह्याच्या व्याख्येतून काढले. त्या वर्षी भारताचे गृहखाते देवराष्ट्र्याच्या सुपुत्राकडे होते. परंतु भारतीय राजकारणाच्या दृष्टीने हा प्रश्न अस्तित्वातच नव्हता, आणि १९७१ मध्ये विधी आयोगाने आपल्या ४२व्या अहवालात या कलमाचा विचार केला तेव्हाही शिक्षा कमी करावी पण गुन्हा कायम ठेवावा असाच सल्ला दिला. यासाठी एकट्या चव्हाणांना जबाबदार धरणे अन्यायाचे होईल. मात्र ज्या मातीतून ते घडले, त्या मातीने लग्न आणि घरसंसार या गोष्टी राजकारणाबाहेरच्या मानल्या नव्हत्या, हे विसरून चालत नाही.

जुन्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे १९४९ साली त्यातून दक्षिण सातारा वेगळा काढला जाण्यापूर्वीच्या आणि पुढे १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळण्यापूर्वीच्या प्रदेशात, महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाचा प्रभाव खोल होता, आणि भटजीला न बोलावता लागणारा सत्यशोधक विवाह हा त्या चळवळीचा गावोगावी दिसणारा भाग होता. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारने, म्हणजे १९४३ ते १९४६ या काळात इंग्रजी सत्तेला बाजूला सारून गावांचा कारभार हाती घेणाऱ्या भूमिगत यंत्रणेने, हुंडा, मानपान आणि कर्जबाजारी करणारे खर्च टाळून कमी खर्चात लग्ने लावण्याची ‘गांधी विवाहा’ची रीत याच पट्ट्यात रुजवली. कुंडल हे या यंत्रणेचे मोठे केंद्र आजच्या पलूस तालुक्यात, कडेगावच्या शेजारी आहे. लग्न कोणी लावावे, त्यावर किती खर्च करावा आणि बाईवर हात टाकणाऱ्याला कोणती शिक्षा द्यावी हे ज्या राजकारणाने ठरवले, त्याच राजकारणाचे वारस पुढे समलिंगी विवाहाबाबत हा समाजाचा विषय आहे असे म्हणत बाजूला झाले, तर ती परंपरा नव्हे, सोयीचा विसर म्हणावा लागतो.

किंमत मोजून बाजू घेणाऱ्यांची उदाहरणे महाराष्ट्रात होती. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून चालवलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना, त्यात समलिंगी संबंधांविषयीच्या प्रश्नांनाही, शास्त्रीय उत्तरे दिली जात. त्यावरून १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला उभा राहिला तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर कर्व्यांचे वकील म्हणून उभे राहिले. कर्वे खटला हरले आणि त्यांना दंड झाला, पण मते मिळवून देण्याची शक्यता शून्य असलेल्या बाजूने एक राजकीय नेता न्यायालयात उभा राहिला होता.

दिल्लीतील घडामोडींत अशी माणसे विरळ आढळतात. शंकरराव चव्हाण गृहमंत्री असताना, १९९४ मध्ये, एड्सविरोधी काम करणाऱ्या एका संघटनेने तिहार तुरुंगात निरोध वाटण्याची परवानगी नाकारली गेल्यावर कलम ३७७ला पहिल्यांदा न्यायालयात आव्हान दिले. विधी आयोगाने २००० साली १७२व्या अहवालात आपले जुने मत बदलून कलम काढण्याची शिफारस केली, परंतु ती तशीच पडून राहिली. नाझ फाउंडेशन या संस्थेच्या कलम ३७७विरुद्धच्या २००१च्या याचिकेवर गृहखात्याने २००३ मध्ये, लालकृष्ण अडवाणी गृहमंत्री असताना, विरोधाचे शपथपत्र दाखल केले. २००४ मध्ये सत्तापालट झाला आणि शिवराज पाटील गृहमंत्री झाले, तरी शपथपत्र बदलले नाही. उलट याच सरकारच्या आरोग्य खात्याखालील एड्स नियंत्रण संघटनेने २००६ मध्ये कलम आड येते असे न्यायालयाला सांगितल्याने एकाच सरकारच्या दोन खात्यांनी दोन तोंडांनी साक्ष दिली. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी याचिकाकर्त्यांच्या बाजूने निकाल दिला; सर्वोच्च न्यायालयाने तो ११ डिसेंबर २०१३ रोजी उलटवला, आणि त्यानंतर सुशीलकुमार शिंदे गृहमंत्री असलेल्या सरकारने पुनर्विचार याचिका केली. हा खरा बदल होता, पण लोकसभा निवडणुकीला काही महिने उरले असताना आणि संसदेत दुरुस्ती मांडण्याचा मार्ग मोकळा असतानाही न्यायालयाच्या दारात जाणे सरकारने पसंत केले, हेही त्याच्याच शेजारी नोंदवावे लागते.

महाराष्ट्रातील समर्थनाचा खरेपणा तपासण्यासाठी २०२० हे वर्ष पुरेसे आहे. त्या वर्षी राज्यात शिवसेना, राष्ट्रवादी काँग्रेस आणि काँग्रेस यांचे सरकार होते आणि गृहखाते राष्ट्रवादीकडे होते. फेब्रुवारीच्या आरंभी मुंबईच्या प्राइड मोर्चाला, म्हणजे समलिंगी व तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या मिरवणुकीला, पोलिसांनी परवानगी नाकारली, त्याऐवजी आझाद मैदानावर झालेल्या मेळाव्यातील घोषणांवरून पन्नासहून अधिक जणांवर राजद्रोहाचा गुन्हा नोंदवला गेला. ऑक्टोबरमध्ये त्याच राष्ट्रवादीने खासदार सुप्रिया सुळे आणि सांगली जिल्ह्यातील इस्लामपूरचे प्रतिनिधित्व करणारे तत्कालीन प्रदेशाध्यक्ष जयंत पाटील यांच्या उपस्थितीत एलजीबीटी विभाग सुरू केला. राजकीय पक्षाने असा विभाग काढणे ही देशात नवी गोष्ट होती आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु पोलीस ज्यांच्या हाती होते त्यांनीच आठ महिन्यांच्या अंतराने एका हाताने गुन्हा आणि दुसऱ्या हाताने सन्मान दिला, हे सोडून देता येत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये विद्यापीठ कायद्याच्या दुरुस्तीत समलिंगी व तृतीयपंथी विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधित्वाची तरतूद आली, तेव्हा विधानसभेत भाजपचे सुधीर मुनगंटीवार यांनी प्राण्यांशी संबंधांचा उल्लेख करत तिची खिल्ली उडवली. विधेयक गदारोळात संमत झाले आणि सत्ताबदलानंतर मागे घेतले गेले. लोकांच्या लक्षात राहिला तो त्याच विधेयकातील प्र-कुलपतिपदाचा वाद.

कडेगावच्या मोहरमात, ज्यात हिंदू घराण्यांचेही मानाचे गगनचुंबी ताबूत असतात, सहभाग म्हणजे बांबू आणणे, बांधणे, खांदा देणे अशी ठरलेली जबाबदारी असते, आणि मान त्या जबाबदारीच्या मोबदल्यात मिळतो. पक्षांच्या समर्थनात मान आधी घेतला जातो आणि खांद्याची वेळ आली की माणसे पांगतात.

सांगली शहरातील ‘संग्राम’ संस्थेचा इतिहास या दृष्टीने वेगळा आहे. १९९२ पासून वेश्यावस्तीत एड्स प्रतिबंधाचे काम करणाऱ्या या संस्थेच्या पाठबळाने १९९६ मध्ये ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली आणि पुढे पुरुष व तृतीयपंथी देहविक्रय करणाऱ्यांची ‘मुस्कान’ ही संघटना तिच्या सोबतीने वाढली. अमेरिकी सरकारने मदतीसाठी वेश्याव्यवसायाविरोधी प्रतिज्ञेची अट घातल्यावर २००५ मध्ये संस्थेने तो निधी सोडला. ज्यांच्यासाठी पैसा येतो त्यांच्याविरुद्धच सही करण्याची अट घालणारा दाता हा त्यांचा मित्र कसा, हा प्रश्न सांगलीत तेव्हा व्यवहारातून सोडवला गेला.

संसदेची नोंद त्या मानाने कोरडी आहे. खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेले विधेयक, १९७० नंतर एकदाही कायदा झालेले नाही. काँग्रेसचे खासदार शशी थरूर यांनी कलम ३७७ दुरुस्त करण्यासाठी असे विधेयक मांडू पाहिले तेव्हा १८ डिसेंबर २०१५ रोजी केवळ मांडण्याची परवानगीच ७१ विरुद्ध २४ मतांनी नाकारली गेली. मार्च २०१६ मध्ये पुन्हा ५८ विरुद्ध १४ मतांनी. थरूर यांच्या स्वतःच्या पक्षाचे त्या लोकसभेत ४४ सदस्य निवडून आले होते, म्हणजे सगळे हजर राहिले असते तरी यापेक्षा जास्त हात वर झाले असते. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने संमतीचे संबंध गुन्ह्याबाहेर काढले, तेव्हा केंद्र सरकारने निर्णय न्यायालयाच्या विवेकावर सोपवला होता. सुप्रिया सुळे यांनी विशेष विवाह कायद्यात समलिंगी जोडप्यांना जागा देणारे विधेयक एप्रिल २०२२ मध्ये मांडले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी न्यायालयाने विवाहाचा प्रश्न संसदेचा आहे असे सांगितल्यानंतर त्या विधेयकाला खरे वजन आले होते, पण २०२४ मध्ये सतरावी लोकसभा विसर्जित होताच ते आपोआप रद्द झाले.

त्याच वर्षी १ जुलैपासून भारतीय दंड संहितेऐवजी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिच्यात कलम ३७७ राहिलेच नाही. संमतीविना होणाऱ्या कृत्यांपुरते ते ठेवावे अशी संसदेच्या स्थायी समितीची शिफारस होती, ती गृहखात्याने स्वीकारली नाही. त्यामुळे पुरुषावर किंवा तृतीयपंथी व्यक्तीवर झालेल्या बलात्काराला लागू पडेल असे स्वतंत्र कलम देशाच्या नव्या फौजदारी कायद्यात उरले नाही, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला सरकारकडे त्याविषयी विचारणा करावी लागली.