पुडक्यावरचीं अक्षरें

सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यांत श्रीपूर हें गांव आहे. १९३२ सालीं परदेशी साखरेविरुद्ध संरक्षणाचा कायदा झाला, आणि जावाच्या साखरेनें भरलेल्या बाजारांत देशी कारखान्यांस वाव मिळाला. १९३४ सालीं चंद्रशेखर आगाशे यांनीं बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट ही कंपनी काढली, व तिचा कारखाना श्रीपुरास उभा राहिला.

साखरेच्या पोत्यावर एम-३०, एस-३० अशा खुणा असतात. अक्षर दाण्याच्या आकाराचें, अंक रंगाचा. ही भाषा व्यापाऱ्यांची होय. गृहिणीस तिची गरज नव्हती. साखर घरीं सुटी, वजनावर येई, आणि दुधांत किती चमचे घालावयाची हें तीच ठरवी. पुढें बिस्किटें, सरबतें, मुरंबे तयार बांधून येऊं लागलीं, तेव्हां चमचा तिच्या हातून कारखानदाराच्या हातीं गेला. आंत किती गोड घातलें हें सांगणारें पुडक्यावरच्या अक्षरांवांचून कोणी उरलें नाहीं.

परंतु कायद्याचें प्रथम लक्ष गोडीकडे नव्हे, भेसळीकडे गेलें. मुंबई इलाख्याचा भेसळबंदीचा कायदा १९२५ चा. १९३७ च्या कायद्यानें शेतमालास अॅगमार्कची मोहोर मिळाली. सबंध देशाचा भेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ त मंजूर होऊन १ जून १९५५ पासून अमलांत आला. तुपांत वनस्पती मिसळल्यास पकडतां यावी म्हणून वनस्पतींत तिळाचें तेल घालणें सक्तीचें होतें. युक्ती नामी, पण ती खूण प्रयोगशाळेस दिसे, गिऱ्हाइकास नव्हे.

गिऱ्हाइकाची बाजू घेणारे पुढें महाराष्ट्रांतच निघाले. १९६६ सालीं मुंबईच्या कांहीं स्त्रियांनीं कन्झ्यूमर गायडन्स सोसायटी स्थापन केली; १९७४ त पुण्यास बिंदुमाधव जोशी यांनीं ग्राहक पंचायत उभी केली. १९७७ च्या नियमांनीं बांधीव मालावर उत्पादकाचें नांव, निव्वळ वजन व किंमत छापणें आवश्यक झालें. पुढें शाकाहारी पदार्थावर हिरवा ठिपका आला. २००९ पासून पोषणमूल्यांचा तक्ता सक्तीचा झाला, आणि २०२० च्या नियमांनीं एकूण साखर व वरून घातलेली साखर निराळी दाखविण्यास सांगितलें.

अक्षरें आलीं, तीं वाचावयास शिकविणें राहिलें. तेरा-चौदा वर्षांचीं मुलें स्वतःच्या पैशांनीं खाऊ घेतात, म्हणून हें शिक्षण त्याच वयांत हवें. धडे तीनच. पहिला धडा क्रमाचा : जो घटक वजनानें अधिक, तो यादींत आधीं येतो. दुसरा नांवांचा : ग्लुकोज, फ्रुक्टोज, इन्व्हर्ट सिरप हीं सारीं साखरेचींच भावंडें, वेगवेगळीं लिहिलीं कीं प्रत्येक यादींत खालीं सरकतें. तिसरा त्रैराशिकाचा : तक्ता बहुधा शंभर ग्रॅमचा असतो, पुडा मात्र तेवढाच असतो असें नाहीं. शंभर ग्रॅमांत २५ ग्रॅम साखर असेल, तर साठ ग्रॅमच्या पुड्यांत १५ ग्रॅम, म्हणजे सुमारें तीन चमचे होते. लेबलावरील टक्केवारी दिवसास ५० ग्रॅम वरची साखर धरून काढलेली असते. ही बेरीज मुलांनीं स्वतः करून पाहावी. मे २०२५ मध्यें केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानें आपल्या शाळांस साखरेचें प्रमाण दाखविणारे फलक लावण्यास सांगितलें, तें याच हेतूनें.

ऊंसपट्ट्यांत हा धडा कांहीसा अवघड जागेचा आहे. ज्या घराचें पोट ऊंसावर, त्या घरच्या मुलानें साखर मोजावी काय ? अवश्य मोजावी. पोत्यावरची खूण वाचून बापानें मालाचा भाव ओळखला, तर पुड्यावरचा तक्ता वाचून मुलानें आपल्या प्रकृतीचा हिशेब ओळखावा. मोजणें म्हणजे वैर नव्हे. चमचा एकदां हातून गेला. त्याचें माप तरी पुन्हां घरांत यावें, एवढेंच मागणें आहे.